सनद पेटीत, गाव तिसऱ्याच जिल्ह्यात

बडोद्यात रावपुरा, दांडिया बाजार, बाबाजीपुरा, कुठल्याही जुन्या मराठी घरात जा, माळ्यावरच्या पेटीत एखादा मोडी कागद निघतो. आणि कागद नसला तरी वाक्य निघतंच: "आपलं एक गाव होतं." आमच्याकडे दोन्ही आहे. फक्त आजोबांच्या सांगण्यात ते गाव पेटलादकडचं, तर काकांच्या सांगण्यात नडियादकडचं. घरात या वादाकडे कधी कुणी लक्ष दिलं नाही, कारण दोन्ही गावं आता जाऊन-येऊन एका दिवसाची. पण जुनी जमीन शोधायला निघालेल्या माणसाचं सगळं काम नेमकं याच प्रश्नावर अडतं. दोनशे वर्षांपूर्वी ही दोन गावं दोन वेगळ्या राज्यांत होती.

आधी कागद. तारीख अक्षरी आहे: "सुरू सन खमस अशर मयातैन व अलफ". अरबी आकडे एककापासून सुरू होतात: खमस म्हणजे पाच, अशर दहा, मयातैन दोनशे, अलफ हजार. सुहूर सन, म्हणजे मराठी दफ्तरातलं अरबी आकड्यांचं साल, १२१५. हे साल मृगाला, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतं. जून ते डिसेंबरमधला कागद असेल तर ५९९ मिळवायचे, जानेवारीनंतरचा असेल तर ६००. खाली "छ १७ सफर" आहे. छ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याची तारीख. हिशेब जानेवारी १८१५ च्या अखेरीस येऊन थांबतो. बडोद्याच्या गादीवर आनंदराव गायकवाड, कारभार त्यांचे भाऊ फत्तेसिंहराव यांच्या हाती, आणि गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन पुण्याला गेलेले. त्याच वर्षी जुलैत पंढरपुरात त्यांचा खून झाला. हा हिशेब चुकवून कागद नुसता "पेशवाईतला" म्हणून ठेवला, तर पुढे दफ्तरात कुठलं साल मागायचं हेच कळत नाही. फसली सन असेल तर मिळवणी ५९० ची. संवत असेल तर गुजरातेत तो दिवाळीनंतर, कार्तिकात बदलतो. अशी एका वर्षाची चूक कितीतरी शोधांना नडली आहे.

मजकूर ठरावीक असतो. "कुलबाब कुलकानू, हल्लीपट्टी व पेस्तरपट्टी, खेरीज हक्कदार व इनामदार करून, जल तरु तृण काष्ठ पाषाण निधि निक्षेप सहित" अमक्याला पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने इनाम. थोडक्यात, आताचे आणि पुढचे सगळे कर धरून. शेवटाकडे गावच्या अंमलदारांना हुकूम: या पत्राची प्रत लेहून घेऊन अस्सल पत्र भोगवटियास परतोन देणे. हे वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं. अस्सल कागद घरी येणार आणि नक्कल दफ्तरात राहणार, अशी व्यवस्था मुळातच होती. म्हणजे पेटीतला कागद हरवला तरी शोध संपत नाही. उलट कागद घरात आहे म्हणून दफ्तरातही काही असेलच, अशी खात्री मात्र नाही.

आता "गाव" या शब्दाबद्दल. सनदेनं पुष्कळदा मिळायचा तो सारा, म्हणजे सरकारात जायचा तो वसूल. जमीन कसणारा पाटीदार किंवा कोळी तिथं आधीपासून होता आणि नंतरही राहिला. झाडं, दगड, पुरलेलं धन असे शब्द असले की जमीनच दिली का, यावर इंग्रजी अमदानीत कोर्टांत वर्षानुवर्षं वाद झाले. बडोद्यातल्या किती घरांत "आपली जमीन" म्हणून जे सांगितलं जातं ते खरं तर "आपला वसूल" होता, हे मोजायला कुणी बसलेलं नाही. पण कागद पाहिले की दर वेळी हीच शंका आधी येते. पणजोबांनी ते शेत कधी पाहिलंही नसेल. वर्षातून एकदा कारकून गावी जाऊन वसूल आणत असेल, तोही सावकाराकडे गहाण नसेल तर. हरिभक्ती, गोपाळराव मैराळ यांच्यासारख्या पेढ्यांकडे तर खुद्द संस्थानचा पैसा अडकलेला असे, इनामदाराची काय कथा.

नडियाद की पेटलाद, याचं उत्तर तहांत आहे. १८०० मध्ये गोविंदराव गायकवाड गेले, घरात भाऊबंदकी आणि पगारी अरब शिपायांचा वेढा, मग मेजर वॉकर आणि ईस्ट इंडिया कंपनीची फौज आली. त्या फौजेच्या खर्चापोटी नडियाद, धोळका, मातर, महुधा हे परगणे कंपनीला द्यावे लागले. १८०५ च्या तहानं ते कायम झालं. पेटलाद गायकवाडांकडेच राहिलं. चरोतरात, म्हणजे या नडियाद-पेटलादच्या मुलखात, एका शिवेच्या अलीकडे बडोद्याचा वहिवाटदार आणि पलीकडे खेड्याचा इंग्रज कलेक्टर, अशी स्थिती पुढं जवळजवळ दीड शतक टिकली.

तेव्हा गाव नडियादकडचं असेल, तर इनामाचा पुढचा सगळा इतिहास मुंबई सरकारच्या कागदांत. १८६३ च्या ७ व्या कायद्यानं गुजरातच्या इनामदारांना एक वाट दिली: ठरावीक वार्षिक आकार कबूल करा, मग तुमच्या हक्काची खोलात चौकशी होणार नाही. त्या वेळी मिळालेली इंग्रजी सनद पुष्कळ घरांत मोडी कागदाला टाचलेली सापडते. लोक ती बाजूला टाकतात, पण शोधायला तीच सोपी, कारण तिच्यावर नंबर असतो. आमचं साल मात्र १८१५ चं. नडियाद तेव्हा गायकवाडांच्या हातात राहिलंच नव्हतं, तिथलं इनाम ते देणार कसं? आजोबांचं बरोबर होतं.

पेटलाद म्हटलं की बडोद्याचं दफ्तर आलं, आणि त्याबरोबर एक वेगळीच शब्दावली. गावच्या कागदांत इनामाला इनाम क्वचितच म्हणत. एकूण सगळं बिनखालसा, म्हणजे सरकारी वसुलाबाहेरचं, ते बारखली: ज्याचा माल सरकारी खळीबाहेर जातो ते. त्यात पसायतं गावच्या नोकरांचं आणि भटांचं, वजिफा मुसलमानांचा, चाकरियात चाकरीबद्दलचं, वेचाण आणि घराणियां म्हणजे गावच्या पटेलांनी अडीनडीला विकलेली किंवा गहाण टाकलेली. वरची सनद मराठी मोडीत आणि गावचं वहीखातं गुजरातीत, हा आमच्या बडोद्याचा नेहमीचा प्रकार. एका कचेरीत कारकुनानं आमची नक्कल उलटसुलट करून "आ तो मराठी छे" म्हणत परत दिली. मोडी मराठीवाल्यांनाही येत नाही, हे मी त्याला सांगितलं नाही.

सनदेत सर्व्हे नंबर नसतो. असते चतुःसीमा: पूर्वेस तळं, दक्षिणेस वाट, पश्चिमेस कुणाचं तरी शेत. तळं बुजतं, वाट सरकते. शेताला नंबर मिळाला तो सयाजीरावांच्या काळात. १८८१ च्या डिसेंबरात त्यांच्या हाती कारभार आला आणि १८८३ साली त्यांचेच जुने शिक्षक इलियट यांच्याकडे मोजणी व जमाबंदीचं काम सोपवलं गेलं. या मोजणीत शेताच्या जुन्या नावाशेजारी नवा नंबर लिहिला गेला. दोन्ही एकत्र दिसतील असा कागद कोठी आवारातल्या अभिलेखागारात किंवा मोजणी खात्यात मिळाला, की अर्धं काम झालं. तो न मिळता थेट सातबाऱ्यावर आडनाव शोधणं म्हणजे शहराच्या मधोमध मांडवीखाली उभं राहून "जोशी कुठे राहतात?" विचारण्यासारखं. क्षेत्र विघ्यात असेल तर बडोद्याकडचा विघा साधारण साडेतेवीस गुंठ्यांचा धरावा. सौराष्ट्रातला विघा निराळा.

१ मे १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि पेटलाद तालुका खेडा जिल्ह्यात गेला. १९९७ मध्ये आणंद जिल्हा वेगळा निघाला, त्यात पेटलाद. म्हणजे सनद बडोद्याची, मधली वर्षं खेड्याची, आजचा उतारा आणंदचा. एका जिल्ह्यात विचारलं की दुसऱ्याकडे बोट दाखवतात, आणि त्यात त्यांचं काही चुकतही नाही.

मधल्या वर्षांतच इनाम संपलं. मुंबई वैयक्तिक इनाम निर्मूलन कायदा १ ऑगस्ट १९५३ ला लागू झाला. सारामाफी गेली, पण जमीन प्रत्यक्ष ताब्यात असेल किंवा कुळाकडून कसवून घेतली जात असेल, तर इनामदाराचं नाव कबजेदार म्हणून राहू शकत होतं. ते फार टिकलं नाही. १ एप्रिल १९५७ ला कूळकायद्याचा कृषिदिन आला आणि कसणारं कूळ मालक मानलं गेलं. देवस्थान इनामं तेवढी मागे राहिली. ती गुजरातेत १९६९ च्या कायद्यानं गेली. म्हणून घराण्याचं नाव सरकारी कागदात शेवटचं बघायचं असेल, तर १९५३ ते १९५७ च्या आगेमागे झालेल्या फेरफार नोंदी, गावनमुना सहा, मागाव्यात. नोंद गुजराती हस्ताक्षरात असते, बहुधा पुसट.

आमची सापडली. दोन ओळींची आहे. वरच्या ओळीत पणजोबांचं नाव कंसात टाकलेलं, म्हणजे कमी केलेलं, आडनावाच्या पुढे "रहे. वडोदरा". खालच्या ओळीत गणोतियाचं, म्हणजे कुळाचं, त्याच गावचं. तलाट्यानं विचारलं, काही वांधा (हरकत) घ्यायचा आहे का? म्हटलं नाही, नक्कल द्या.