वापर-अधिकार (सॉफ्टवेअर)

सॉफ्टवेअरमध्ये कोणी काय पाहावे, काय बदलावे आणि काय पुसावे हे ठरवणारी व्यवस्था. कचेरीच्या बोलीत ‘राइट्स’. लॉगिन हा वेगळा भाग : माणूस कोण आहे ते लॉगिनवरून कळते, आत शिरल्यावर त्याच्यासाठी कोणती कपाटे उघडी ते वापर-अधिकार ठरवतात.

संगणकशास्त्रज्ञ बटलर लॅम्पसन यांनी १९७१ मध्ये हा विषय एका तक्त्यात बसवला : एका बाजूला वापरणारे, दुसऱ्या बाजूला वस्तू, चौकटीत परवानगी. युनिक्स या संगणक-प्रणालीने मालक, गट आणि इतर अशा तिघांपुरते वाचणे, लिहिणे व चालवणे एवढेच ठेवून तो आटोपशीर केला. माणसे शेकड्यांनी वाढली की प्रत्येकाच्या नावापुढे खुणा करत बसणे अशक्य होते. त्यावर डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कुन यांनी १९९२ मध्ये भूमिकाधारित पद्धत मांडली. तीत परवानगी पदाला मिळते आणि माणूस पदावर येतो-जातो. २००४ मध्ये ती अमेरिकी मानक झाली.

पद्धत निवडताना काम आधीपासून कसे वाटलेले आहे ते पाहावे लागते. नाशिक जिल्ह्यातला कांदा बाजार घ्या. लिलावात पुकारलेला भाव एक जण टिपतो, वजन काट्यावरचा माणूस घेतो, हिशोबपट्टी तिसरा करतो, पैसे चौथ्याच्या हातून जातात. अशा बाजारासाठी सॉफ्टवेअर करायचे तर भूमिका जागेवरच तयार मिळतात. भाव भरणारा आणि पट्टी मंजूर करणारा एकच असू नये, ही अटही भूमिकांवर सहज घालता येते. ती नसेल तर २,१५० चे २,५१० झालेले कोणाच्या लक्षात येणार?

अडते ते पुढे. लासलगाव बाजार समितीची विंचूर आणि निफाड येथेही आवारे आहेत. विंचूरच्या कारकुनाला फक्त विंचूरच्या नोंदी दिसाव्यात म्हणून आवारागणिक वेगळी भूमिका केली, तर पाच भूमिकांच्या पंधरा होतात आणि वर्षभरात त्यांचा हिशेब कोणालाच राहत नाही. येथे गुणधर्माधारित, म्हणजे माणसाच्या व नोंदीच्या गुणधर्मांवर अट घालणारी पद्धत उपयोगी पडते : भूमिका ‘कारकून’ हीच, अट मात्र ‘नोंदीचे आवार आणि माणसाचे आवार एकच’. शेतकऱ्याला स्वतःचीच पट्टी मोबाइलवर दाखवायची, तर प्रश्न नात्याचा होतो. ही पट्टी कोणाची? गूगलने २०१९ मध्ये वर्णन केलेली ‘झांझिबार’ प्रणाली अशी नाती अफाट प्रमाणावर तपासते. एका जिल्ह्याच्या बाजाराला एवढे अवजड यंत्र नको. पट्टीच्या नोंदीत शेतकऱ्याचा खातेक्रमांक असला की भागते. बहुतेक ठिकाणी भूमिकांपासून सुरुवात करून जिथे त्या अपुऱ्या पडतील तिथेच अटी जोडणे सोयीचे.

अधिकार देणे सोपे, काढून घेणे अवघड. रजेवर गेलेल्याचे काम चार दिवस दुसऱ्याकडे येते, तो अधिकार मग वर्षभर तसाच राहतो. उन्हाळ कांद्याच्या आवकेत तर सगळे अधिकार असलेला एकच ‘ॲडमिन’ पासवर्ड सगळ्यांच्या तोंडी होतो. मग कितीही सुबक भूमिका आखलेल्या असोत, त्यांचा उपयोग राहत नाही. तात्पुरत्या अधिकाराला देतानाच मुदत घालणे हा त्यावरचा साधा उपाय. सॉल्टझर आणि श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ मध्येच कामापुरताच अधिकार द्यावा, असे तत्त्व मांडले होते.

दुसरी चूक प्रोग्रामरची असते : पडद्यावरचे बटण लपवले की अधिकार काढला, असा समज. सर्व्हरवर तपासणी नसेल तर वेबपत्त्यातला पट्टीक्रमांक बदलून शेजाऱ्याची पट्टी उघडता येते. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ‘ओवॅस्प’ या संस्थेच्या २०२१ च्या धोक्यांच्या यादीत सदोष प्रवेश-नियंत्रण पहिल्या क्रमांकावर आहे.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरपुरता कायदाही आहे. १ एप्रिल २०२३ पासून भारतातील कंपन्यांना प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद ठेवणारेच सॉफ्टवेअर वापरावे लागते. द्राक्ष बागायतदारांच्या शेतकरी उत्पादक कंपन्याही त्यात आल्या. ही नोंद बंद करता येता कामा नये. म्हणजे हा एक अधिकार ॲडमिनलाही द्यायचा नसतो.