माल मावणं वेगळं आणि माल पेलणं वेगळं

ऑटोमेशन खेळणाऱ्यांना सांगायला नको, पण ज्यांनी नुसतं नाव ऐकलंय त्यांच्यासाठी: कॅमशाफ्ट सॉफ्टवेअरचा गाड्या डिझाइन करायचा कॉम्प्युटर गेम आहे, २०१५ पासून स्टीमवर मिळतो, इंजिनाच्या बोअर-स्ट्रोकपासून गिअर रेशोपर्यंत सगळं आपणच ठरवायचं आणि गाडी तयार झाली की बीमएनजी ह्या ड्रायव्हिंगच्या गेममध्ये नेऊन चालवता पण येते. चॅलेंज म्हणजे एक जण अट घालतो, अमुक साल, अमुक बजेट, अमुक गिऱ्हाईक, बाकीचे गाड्या बनवून त्याला पाठवतात आणि तो निकाल लावतो. आमच्या रत्नागिरीच्या पोरांत सध्या हलक्या मालवाहू व्हॅनचं चाललंय, साल १९८५, गिऱ्हाईक कोकणातला छोटा धंदेवाला. आणि आलेल्या गाड्या बघितल्या तर जवळपास सगळ्यांनी एकच केलंय, मोठी बॉडी घेतली, मागच्या सीट काढल्या, कार्गो व्हॉल्यूमचा लिटरचा आकडा फुगवला आणि झाली म्हणे प्रॅक्टिकल व्हॅन.

अरे पण त्याच पानावर लोड कॅपॅसिटी नावाचा दुसरा आकडा किलोमध्ये असतो त्याचं काय?

व्हॉल्यूम म्हणजे आत किती मावतं. कॅपॅसिटी म्हणजे गाडी किती पेलते. वाढवले की दोन्ही एकदम वाढतील असं वाटतं, पण बऱ्याचदा एक वाढवायला गेलं की दुसरा खाली येतो. हिशोब सरळ आहे, भरलेल्या गाडीचं कमाल वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन, जे उरलं ते पेलोड. समजा चेसिस, टायर, ब्रेक सगळं मिळून १६०० किलोला झेपतंय आणि रिकामी गाडी ८५० ची, तर उरले ७५०. आता तुम्ही छप्पर उंच केलं, मागे फूटभर बॉडी वाढवली, पत्रा वाढला ६० किलो, लिटर वाढले आणि पेलोड झाला ६९०. त्यात ड्रायव्हर आणि शेजारी हेल्पर बसले की त्यांचे सव्वाशे-दीडशे किलो पण ह्यातूनच कापायचे, ते कुणी धरतच नाही.

एक उदाहरण आकड्यात करूनच बघू. हौदा आतून २ मीटर लांब, १.४ रुंद, १.३ उंच धरा, म्हणजे ३.६४ घनमीटर, गेमच्या भाषेत ३६४० लिटर. पेलोड ७५०. भागाकार केला की येतात घनमीटरमागे साधारण २०६ किलो. ज्या मालाचं घनमीटरचं वजन ह्याच्या वर, त्याला आधी वजन संपणार आणि हौदा अर्धा रिकामा दिसणार. ज्याचं खाली, त्याला आधी जागा संपणार आणि पाटे (मागच्या लीफ स्प्रिंगा) अजून आरामात बसलेले असणार.

आता बर्फ घ्या, कारण मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळीबरोबर बर्फ आलाच. बर्फाचा एक घनमीटर म्हणजे ९१७ किलो. लाद्या लाद्याला चिकटून लावल्या तर ७५० किलो भरायला ह्या हौद्यात पूर्ण फूटभर थर पण लागत नाही, २९ सेंटीमीटरला काम खल्लास! वरचा अख्खा मीटर नुसती हवा. बारीक केलेला बर्फ आणि मासळीचे क्रेट असतील तर थर उंच दिसतो पण वजन आधी संपतं हे बदलत नाही. चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, तर बोलायलाच नको, चिरेवाल्याला छप्पर दिलंत तरी तो काढून टाकेल. म्हणून मासळीवाल्याला तुम्ही ५००० लिटरची व्हॅन दाखवलीत तर तो विचारणार, 'माका जागा नको रे, ताकद व्हयी, घाटात चढतली काय?'

उलट बेकरीवाला. पावाच्या लाद्यांचे ट्रे छतापर्यंत लावले, खारी-टोस्टचे डबे कोंबले तरी गाडीला पत्ता लागत नाही काही भरलंय म्हणून. त्याला कडक पाटे दिलेत तर गाडी रिकाम्यासारखी उडणार आणि खारीचा चुरा होऊन दुकानात पोचणार. इथे मात्र लिटरवाली पोरं बरोबर आहेत, मऊ स्प्रिंग आणि मोठा डबा हेच पाहिजे.

हापूसवाला ह्या दोघांत बसत नाही आणि मला तो सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो. आंबा अडीचशे ग्रॅमचा धरला तर पाच डझनाच्या पेटीत १५ किलो फळ, वर पेटीचं लाकूड आणि पेंढा. म्हणजे हलका माल नाही. पण पेटीवर पेटी किती चढवणार, खालची दबते, शिवाय वारा खेळायला फट ठेवायला लागते. त्यामुळे त्याच्याकडे वजन पण शिल्लक, छताखाली जागा पण शिल्लक, संपते ती जमीन, मग त्याला उंच छपरापेक्षा लांब आणि सपाट तळ पाहिजे. गेम लिटर दाखवतो पण ते लिटर उंचीतले की तळातले हे सांगत नाही, ते बॉडी निवडताना आपल्याच डोळ्याने बघायचं, चाकांवरचा फुगवटा आत किती येतो ते पण बघायचं. सिट्रोएनची एच व्हॅन १९४७ ची, पुढची चाकं ओढणारी, मागे शाफ्टच नाही म्हणून तळ इतका खाली ठेवता आला, ती बघा एकदा.

पण म्हणून सगळ्यांनी फ्रंट व्हील ड्राइव्ह करायची गरज नाही. माल भरल्यावर वजन मागच्या चाकांवर जातं आणि आंबा घाट किंवा करूळचा चढ लागला की आणखी मागे सरकतं, पुढची चाकं हलकी पडतात आणि पावसात ओल्या वळणावर नुसती फिरत बसतात. तळ खाली पाहिजे की चढावर पकड पाहिजे, हे परत मावण्या-पेलण्याचंच भांडण आहे. माझं मत विचाराल तर मासळीवाल्याला डोळे झाकून रिअर व्हील ड्राइव्ह, लॅडर चेसिस (बॉडीखाली शिडीसारखी वेगळी चौकट), मागे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकच अखंड दांडा) आणि पाटे. बेकरीवाला शहरातल्या शहरात फिरतो, त्याला मोनोकॉक (बॉडी हीच चौकट) आणि फ्रंट व्हील चालेल.

टायरकडे तर कुणी बघतच नाही. खऱ्या टायरच्या साइडवॉलवर लोड इंडेक्स असतो, ७५ म्हणजे एका टायरला ३८७ किलो, ८८ म्हणजे ५६०. आपल्या १६०० किलोच्या गाडीचं साठ टक्के वजन मागे गेलं तर ९६० किलो झाले, आणि ७५ वाले दोन टायर मिळून पेलणार ७७४. हौदा कितीही मोठा असू दे, गाडी तिथेच अडकली. ८८ वाले लावले तर ११२०, मग सुटतं.

आणि इंजिन मोठं टाकलं म्हणून पेलोड वाढतो हा पण गोड गैरसमज, उलट मोठ्या इंजिनाचं स्वतःचं वजन पेलोडमधून जातं. टाटा एस २००५ साली आली तेव्हा दोन सिलिंडरचं ७०२ सीसीचं डिझेल, सोळा हॉर्सपॉवर, आणि पेलोड ७५० किलो. सोळा! आपल्याकडे शंभर सीसीची बाईक त्याच्या अर्धी पॉवर काढते. पण पहिला गिअर खूप लहान, स्पीडची हाव नाही, म्हणून आज गल्लोगल्ली छोटा हत्ती दिसतो. तेव्हा गेममध्ये टॉप स्पीडचा आकडा विसरा आणि गिअर लहान ठेवा, ब्रेकवर मात्र कंजूषी नको कारण भरलेली गाडी घाट उतरताना ब्रेक तापतातच.

१९८५ चं साल असल्यामुळे पोरांनी मारुती व्हॅनचं उदाहरण घेतलंय, ती १९८४ ची, नंतर तिलाच ओम्नी म्हणायला लागले. ७९६ सीसी, रुंदी फक्त १.४१ मीटर. दोन्ही बाजूला चिऱ्याचे गडगे असलेल्या वाडीच्या रस्त्यात ती घुसते आणि सरकता दरवाजा असल्याने गडग्याला न लागता माल उतरतो, हे खरंच भारी डिझाइन. पण ती डबा म्हणून भारी. तिच्यात चिरे भरायचे नाहीत.

समुद्राकाठचं गिऱ्हाईक आहे तर चेसिसचं मटेरियल गॅल्व्हनाइज्ड घ्या, थोडं महाग पडेल, चालेल. मासळीचं खारं पाणी तळाला साचतं आणि पत्रा खाल्ला की पहिली जाते ती पेलायची ताकद, लिटर तेवढेच दिसत राहतात.

ज्याने चॅलेंज ठेवलंय त्याने 'छोटा धंदेवाला' एवढंच लिहून सोडलंय, म्हणून ज्यांची व्हॅन अजून जायची आहे त्यांनी आधी त्याला माल कुठला ते विचारून घ्या, आणि तो सांगत नसेल तर आपणच वर्णनात लिहून टाका की ही मासळीची आहे का पावाची, दोन्ही आकडे त्याच्याबरोबर द्या.