जुन्या मोटारीत मोठे स्पीकर बसवणे

जुन्या मोटारीत मोठे स्पीकर बसवणे : मूळचा एकच छोटा स्पीकर असलेल्या, किंवा तोही नसलेल्या, जुन्या मोटारीत बाजारातून वेगळे घेतलेले मोठ्या मापाचे स्पीकर बसवण्याचे काम. बोलीत याला ‘टेप बसवून घेणे’ म्हणतात. कॅसेट जाऊन किती वर्षे झाली, तरी गाडीतल्या संगीताचे नाव ‘टेप’ ते ‘टेप’च राहिले आहे. नवीन मोटारीत हे काम तासाभराचे असते, कारण दारात स्पीकरची जागा कारखान्यानेच ठेवलेली असते. जुन्या मोटारीत ती जागा शोधावी लागते आणि बहुतेक वेळा कापून काढावी लागते. या कामातले सगळे प्रश्न त्या कापण्यापाशी येतात. प्रस्तुत नोंदीत मुख्य उदाहरण म्हणून मुंबईच्या कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी घेतली आहे.

मोटारीत रेडिओ आला तो १९३० च्या सुमारास. अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी त्या वर्षी ‘मोटोरोला’ या नावाने मोटारीचा रेडिओ विकायला काढला आणि पुढे कंपनीनेही तेच नाव घेतले. १९३२ मध्ये जर्मनीत ब्लाउपुंक्टचा संच आला. भारतात मोटारीतला रेडिओ ही दीर्घकाळ चैनीची बाब होती. तो मालकाने वेगळा बसवून घ्यायचा, आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्याचा परवानाही काढायचा. त्यावर ऐकायचे ते मीडियम वेव्हवरचे : बातम्या, क्रिकेटचे धावते वर्णन आणि १९५७ मध्ये सुरू झालेली विविध भारती. मीडियम वेव्हवर आवाजाचा वरचा पट्टा जेमतेम साडेचार-पाच हजार हर्ट्‌झपर्यंत पोहोचतो आणि डावा-उजवा असा भेद नसतो. एवढ्यासाठी डॅशबोर्डखाली किंवा डॅशबोर्डच्या वर, पुढच्या काचेकडे तोंड करून बसवलेला कागदी पडद्याचा एक स्पीकर पुरे होई. म्हणजे त्या काळच्या रचनाकारांनी कंजुषी केली असे म्हणणे अन्यायाचे आहे. ऐकायला जे होते, त्याच्या मापाचाच स्पीकर त्यांनी दिला. स्टीरिओ कॅसेट, मग एफएम आणि सीडी आल्यावर तोच स्पीकर डबड्यासारखा वाजू लागला.

प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेली कंपनी. इटलीच्या फियाटच्या परवान्यावर तिने कुर्ल्यात अकराशेच्या मालिकेतल्या मोटारी बनवल्या. त्यांतली एक जुनी पिढी मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ म्हणून लक्षात ठेवली आहे. १९६४ पासून ‘डिलाइट’ आली आणि तीच १९७४ च्या सुमारास ‘पद्मिनी’ झाली. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पातळ दारे, पुढच्या दारांना फिरवून उघडायची तिकोनी काच. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप म्हणजे हीच गाडी. पद्मिनीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर त्या रस्त्यावरून गेल्या. मागच्या काचेखालच्या फळीवर वर ठेवलेले पेटीवजा स्पीकर, त्यांच्या जाळीवरची धूळ आणि शेजारी देवाचा फोटो हे दृश्य अनेकांच्या आठवणीत असेल. आता पद्मिनी हौशी लोकांच्या हाती आहे, आणि त्यांना टॅक्सीचे काही नको, फक्त तिचा आवाज हवा असतो.

आकार आणि जागा. बाजारात चार, सव्वापाच आणि साडेसहा इंची गोल स्पीकर आणि सहा बाय नऊ इंची लंबगोल, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत ‘ओव्हल’, ही मापे सर्वत्र मिळतात. नाममात्र मापे धरली तरी साडेसहा इंची पडद्याचे क्षेत्रफळ चार इंचीच्या सुमारे अडीचपट आणि ओव्हलचे तिपटीहून जास्त भरते. खालच्या सुरांसाठी हवा जास्त ढकलावी लागते, म्हणून मोठा पडदा. इथपर्यंत सगळ्यांना कळते. मात्र पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. या दोन्ही लहरी कडेवरून वळून एकमेकींना भेटल्या, तर एकीने दुसरी खोडली जाते. शंभर हर्ट्‌झच्या सुराची लहर सुमारे साडेतीन मीटर लांब असते. ती वळायला कुठलीही फट पुरते. त्यामुळे स्पीकर नुसता हातात धरून वाजवला तर तबल्याचा बायाँ ऐकूच येत नाही, आणि तोच एका फळीला भोक पाडून घट्ट बसवला की येतो. फळीने पुढचे आणि मागचे वेगळे केलेले असते. बंद, न हलणाऱ्या जागेत बसवलेला सव्वापाच इंची स्पीकर फटी असलेल्या दारातल्या साडेसहा इंचीला हरवतो. माप वाढवण्याच्या हट्टापायी ही गोष्ट रोज विसरली जाते.

मागची फळी ही सर्वांत सोपी जागा. खाली डिकीची पोकळी असल्याने ओव्हलला हवी तेवढी हवा मिळते आणि भोक पाडल्याचे बाहेरून दिसत नाही. अमेरिकेतल्या जुन्या सेडान गाड्यांतही सहा बाय नऊचे हेच ठिकाण ठरलेले आहे. पण मूळचा हार्डबोर्ड अशा जड स्पीकरखाली पापडासारखा थरथरतो. म्हणून बारा ते अठरा मिलिमीटरचे प्लायवुड मूळ फळीच्या आकारात कापून, वर त्याच रंगाचे रेक्झिन चढवून बसवतात आणि मूळची फळी गुंडाळून माळ्यावर ठेवतात. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, स्वस्त आणि कापायला सोपे असते, पण कोकणपट्टीच्या एका पावसाळ्यात ते फुगून पोळी होते. या फळीचा दोष असा, की गाणे पाठीमागून येते. चालवणाऱ्याला आपण मंचाकडे पाठ करून बसलो आहोत असे वाटते.

पुढच्या दारात बसवायचे तर पहिला शत्रू काच. दाराच्या पॅनेलमागे काच खाली येण्याची जागा, ती वर-खाली करणारी कात्री आणि हँडलचा दांडा, एवढे सगळे काही बोटांच्या रुंदीत कोंबलेले असते. साडेसहा इंची स्पीकरची खोली पन्नास ते सत्तर मिलिमीटर असते. जाणता कारागीर जिगसॉला, म्हणजे गोल कापायच्या विजेच्या करवतीला, हात लावण्याआधी पुठ्ठ्याची चकती कापतो, तिच्या मागे स्पीकरच्या खोलीएवढा थर्माकोलचा ठोकळा चिकटवतो, पॅनेल काढून ती चकती दाराला टेकवून धरतो आणि दुसऱ्याला सांगतो : “काच घे खाली. सावकाश. अजून.” काच तळाशी पोहोचली आणि थर्माकोलवर ओरखडा उठला नाही, तरच पेन्सिलीने गोल मारायचा. मग हँडल पुरा एक वेढा फिरवून पाहायचा, कारण काच वाचली तरी हँडल जाळीवर आपटण्याची शक्यता राहतेच. कमी खोलीचे, निओडिमियम चुंबकाचे स्पीकर आल्यापासून हे गणित थोडे सोपे झाले आहे. नाहीच बसले, तर लाकडी कडे लावून स्पीकर आतल्या बाजूला एखादा इंच उचलतात.

दाराचा दुसरा शत्रू पाणी. जुन्या दारात काचेच्या रबरामागून पाणी आत उतरते आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडते. ते तसे पडावे अशीच रचना असते. मुंबईच्या पावसात कागदी पडद्याचा स्पीकर तिथे टिकत नाही. पॉलिप्रॉपिलीनचा पडदा घ्यावा आणि वर प्लास्टिकची पन्हळ लावावी. तळाची भोके डॅम्पिंग शीटने, म्हणजे पत्र्याची थरथर दाबणाऱ्या चिकट थराने, बुजवून टाकणारे लोक आवाज सुधारतात आणि दार सडवतात. ही चूक मी दोन दारांत पाहिली आहे. दोन्ही दारे खालून बोटाने भोसकता येत होती.

तिसरी जागा पुढच्या पायांपाशी, दाराच्या बिजागरीपुढचा कोपरा. दोन्ही स्पीकरपासून कानापर्यंतचे अंतर इथे बरेच सारखे पडते, त्यामुळे गायक डॅशबोर्डच्या मध्यावर उभा असल्यासारखा ऐकू येतो. मूळ पॅनेलच्या आकाराची फायबरची पेटी करून स्क्रूवर बसवली, तर पत्र्याला एकही नवे भोक पडत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते पद्मिनीसाठी हीच उत्तम जागा आहे, मात्र उंच माणसाच्या गुडघ्याची तक्रार राहते. डॅशबोर्डच्या मूळ जागेतही काही करता येते : दोन व्हॉइस कॉइल, म्हणजे पडदा हलवणारी तारेची दोन वेटोळी, असलेला एकच स्पीकर डावा-उजवा दोन्ही आवाज एकत्र वाजवतो.

वीज. नवा संच जोडण्याआधी मोटारीचे अर्थिंग, म्हणजे बॅटरीचे कोणते टोक बॉडीला जोडले आहे ते, तपासावे. १९६० च्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा धन ध्रुव बॉडीला जोडलेला असे. नव्या संचाची पेटी ऋण असते, म्हणून अशा गाडीत तिला डॅशबोर्डचा पत्रा लागला की शॉर्ट होतो. फोक्सवॅगन बीटलसारख्या काही गाड्या तर सहा व्होल्टच्या होत्या. दुसरा सापळा जुन्या वायरींचा. पूर्वी स्पीकरची एक वायर बॉडीलाच जोडत. आजच्या संचात स्पीकरच्या दोन्ही वायरी संचातूनच येतात आणि त्यांतली एकही बॉडीला लागता कामा नये. लागली तर आउटपुटची चिप जळते. म्हणून जुनी वायर वाचवण्याचा मोह टाळून स्पीकरपर्यंत नवी जोडी ओढावी. उलटही खरे आहे : मूळ रेडिओच ठेवून त्याला आजचे चार ओहम रोधाचे स्पीकर जोडले, तर आठ किंवा दहा ओहमसाठी बनवलेले त्याचे ट्रान्झिस्टर तापून मरतात.

डायनॅमोवर चालणारी गाडी सिग्नलला उभी असताना बॅटरी जवळजवळ भरतच नाही. अशात वायपर, हेडलाइट आणि अँप्लिफायर एकत्र चालू असले, की बेसच्या प्रत्येक ठोक्याला दिवे डोळे मिचकावतात. यावर दुकानदार मोठी बॅटरी सुचवतो. त्याऐवजी जास्त संवेदनशील स्पीकर घेणे शहाणपणाचे, कारण तीन डेसिबल जास्त संवेदनशीलता म्हणजे निम्म्या वॅटमध्ये तेवढाच आवाज. संचाच्या खोक्यावर ‘५० × ४ वॅट’ छापलेले असले, तरी सतत मिळणारी शक्ती दर स्पीकरला पंधरा-वीस वॅटच असते. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढत जाणारी शिट्टी ऐकू आली, तर दोष बहुधा डायनॅमोच्या कंडेन्सरचा किंवा अर्थिंगचा असतो.

जोडताना दोन्ही स्पीकरची धन-ऋण दिशा सारखी हवी. वायरींचा रंग उडालेला असेल तर घड्याळात वापरतात तो पेन्सिल सेल दोन टोकांना क्षणभर लावावा. पडदा बाहेर उचलला, तर सेलचे धन टोक ज्याला लागले ते स्पीकरचे धन. एक उलटा जोडला गेला तर दोघे मिळून बेस खाऊन टाकतात, आणि मालक आणखी मोठे स्पीकर घ्यायला परत दुकानात येतो.

मूळ रूपाचा प्रश्न. केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेतला क्रमांक मिळतो. चासी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा, अशी त्याला अट आहे. डिलाइटच्या गाड्या आणि पहिल्या पद्मिनी आता या वयात आल्या आहेत. स्पीकरचे एक भोक म्हणजे मोठा बदल नव्हे, पण रॅलीतल्या परीक्षकांची नजर कापलेल्या दाराच्या पॅनेलवर जातेच. शिवाय मूळ नक्षीचे रेक्झिन पुन्हा मिळत नाही. म्हणून जुन्या पॅनेलला हात न लावता त्याची प्रतिकृती कापणे, अँप्लिफायर सीटखाली दडवणे आणि डॅशबोर्डमध्ये मूळ बटणांचा रेडिओ दिसत ठेवून ब्लूटूथचा भाग ग्लोव्ह बॉक्समध्ये घालणे ही पद्धत रूढ होत आहे.

बसवून झाल्यावर महिनाभराने पॅनेल पुन्हा उघडून सगळे स्क्रू आवळावे लागतात. खड्ड्यांतून चाललेल्या गाडीत ते सैल होतातच. आधी खरखर येते, मग ती स्पीकरची आहे की दाराच्या बिजागरीची, यावर घरात वाद सुरू होतो.