शेलच्या प्रश्नाला मुदत कशी मिळाली

‘पुढे जायचं का? हो की नाही?’ असं विचारून स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल) थांबते आणि समोर कोणी नसेल तर थांबूनच राहते. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या शेलमध्ये, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, सुरुवातीला यावर सरळ इलाज नव्हता. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीसोबत बेल लॅब्जमधून स्टीफन बॉर्न यांचा शेल बाहेर आला. त्यातल्या ‘रीड’चं काम एवढंच, की एक ओळ घ्यायची आणि व्हेरिएबलमध्ये ठेवायची. टर्मिनलवर बसलेला माणूस कधी ना कधी एंटर दाबणारच, हे गृहीत होतं.

घड्याळ मात्र कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, तेव्हाही होतं. सी भाषेत लिहिणाऱ्याला ‘अलार्म’ हा सिस्टिम कॉल (कर्नलकडे करायची विनंती) मिळायचा. ठरलेले सेकंद संपले की प्रोसेसकडे, म्हणजे चालू प्रोग्रॅमकडे, १४ क्रमांकाचा सिग्नल यायचा. शेलमधून हा गजर लावता येत नसल्यामुळे लोकांनी आडवाट काढली: बॅकग्राउंडला एक सबशेल (शेलची दुसरी प्रत) सोडायचा, त्याने दहा सेकंद ‘स्लीप’ करायचं आणि मग मूळ शेललाच ‘किल’ने तो सिग्नल पाठवायचा. मूळ शेलमधला ‘ट्रॅप’ तो पकडून पुढचं बघायचा. युक्ती भन्नाट, पण निसरडी. माणसाने तिसऱ्याच सेकंदाला उत्तर दिलं आणि मागचा झोपलेला सबशेल मारायचा राहिला, तर सिग्नल पुढच्या भलत्याच कामाच्या मध्यात येऊन आदळायचा. शिवाय ट्रॅप लावलेला सिग्नल आल्यावर ‘रीड’ सोडून द्यायचं की पुन्हा वाचत बसायचं, यावर सगळ्या शेलचं एकमत नाही.

दुसरी वाट टर्मिनल ड्रायव्हरमधून, म्हणजे टर्मिनल सांभाळणाऱ्या कर्नलच्या भागातून, गेली. ‘एसटीटीवाय’ या टर्मिनलची सेटिंग बदलणाऱ्या आज्ञेने ओळीचा मोड (एंटरपर्यंत थांबणं) बंद करून ‘मिन’ (किमान अक्षरं) शून्य आणि ‘टाइम’ ५० ठेवलं, की ड्रायव्हर पाच सेकंद वाट पाहतो आणि काही न आल्यास रिकाम्या हाताने परततो. मोजमाप सेकंदाच्या दहाव्या भागात आणि जागा एका बाइटची, म्हणून कमाल २५५, म्हणजे साडेपंचवीस सेकंद. ही वाट मला जास्त प्रामाणिक वाटते, कारण इथे गजर बाहेरून येत नाही, वाचणाराच थांबायचं ठरवतो. अट एकच: आधीची सेटिंग जपून ठेवायची आणि स्क्रिप्ट मध्येच कंट्रोल-सीने तोडली तरी ती परत लावायची. नाहीतर टर्मिनल विचित्र वागू लागतं.

डॉसच्या जगाने हाच प्रश्न वेगळ्या टोकाने सोडवला. १९९३ च्या एमएस-डॉस ६ मध्ये ‘चॉइस’ ही आज्ञा आली. तिला मुदत द्यायची तर त्यासोबत मुदत संपल्यावर धरायचं उत्तरही द्यावंच लागे. शिस्त चांगली, पण त्यात एक माहिती हरवायची: माणसाने खरंच ‘नाही’ दाबलं की तो जागेवरच नव्हता, हे बॅच फाइलला (डॉसच्या स्क्रिप्टला) कळत नसे.

युनिक्सकडचं खरं घोंगडं इथेच भिजत पडलं होतं. नुसतं एंटर दाबणं, इनपुट संपणं आणि मुदत उलटणं या तीन वेगळ्या घटना आहेत. बॅश या नंतरच्या शेलमध्ये ‘रीड’ला ‘-टी’ हा मुदतीचा पर्याय २००० साली, २.०४ आवृत्तीत आला. मुदत मिळाली, पण ती उलटली तरी ‘रीड’कडून परत येणारा निकालाचा आकडा १ आणि इनपुट संपलं तरीही १. फरक पडला तो २००९ च्या ४.० मध्ये. तेव्हापासून मुदत संपल्यावर १२८ पेक्षा मोठा आकडा मिळतो. प्रत्यक्षात बहुधा १४२ दिसतो: १२८ अधिक तोच जुना १४. अपूर्णांकातले सेकंदही त्याच आवृत्तीत आले. मॅकओएससोबत मिळणारा बॅश मात्र परवान्याच्या कारणामुळे ३.२ वरच थांबला, त्यामुळे अर्ध्या सेकंदाची मुदत मागणारी स्क्रिप्ट तिथे चुकीची मुदत म्हणून नाकारली जाते.

मुदत नकळतही लागते. ‘टीएमआउट’ हे व्हेरिएबल निष्क्रिय सत्र बंद करण्यासाठी म्हणून ओळखलं जातं, पण बॅश तेच ‘रीड’ची मूळ मुदत म्हणूनही वापरतो. अॅडमिनने सुरक्षेसाठी ते ६०० सेकंदांवर ठेवून सगळ्यांना एक्सपोर्ट केलं असेल, तर ‘-टी’ कुठेही न लिहिलेली स्क्रिप्टही दहा मिनिटांनी प्रश्न सोडून पुढे निघते.

बाहेरून ‘टाइमआउट’ ही आज्ञा लावायचा मोह होतो. पण ‘रीड’ शेलच्या आतच असल्यामुळे त्यासाठी वेगळा शेल उघडावा लागतो, आणि ‘टाइमआउट’ त्याला बॅकग्राउंडच्या गटात ढकलते. तिथून टर्मिनल वाचायला गेलं की कर्नल प्रोसेस गोठवतो. ‘फोरग्राउंड’ पर्याय दिला तरच काम होतं.

युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीच्या पॉझिक्स या मानकाने २०२४ च्या आवृत्तीत ‘रीड’साठी ‘-डी’ (ओळीचा शेवट कोणत्या चिन्हाने धरायचा ते सांगणारा) स्वीकारला, ‘-टी’ नाही. लिनक्सच्या उबुंटूने २००६ मध्ये आणि डेबियनने २०११ मध्ये ‘एसएच’ या नावामागे डॅश हा शेल बसवला. त्यात ‘-टी’ दिला की अवैध पर्याय असा शेरा येतो. तिथे मुदतीचा प्रश्न विचारायचा, तर अजूनही ‘एसटीटीवाय’सारखी जुनीच वाट धरावी लागते.