नवव्या मजल्यावरच्या बहिणी

न्यूयॉर्कच्या शिलाई कारखान्यांवर बेतलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत दोन बहिणी बऱ्याचदा भेटतात. एक संपात उतरणारी, दुसरी घरभाड्याचा हिशेब करत मशीनवरच बसून राहणारी. मग आग लागते आणि एकच घरी परतते. हा लेखकाचा हुकमी डाव वाटतो, पण ही जोडी इतिहासातच होती. रशियन साम्राज्यातून आलेल्या ज्यू आणि दक्षिण इटलीतून आलेल्या मुली ओळखीपाळखीनंच कामाला लागत. थोरली धाकटीला चिकटवून देई, कधी आईही शेजारी बसे.

नोव्हेंबर 1909 मध्ये कूपर युनियन या शिक्षणसंस्थेच्या सभागृहात भरलेल्या कामगारांच्या सभेत पुढाऱ्यांची भाषणं लांबत चालली होती. तेव्हा क्लारा लेमलिच ही तेवीस वर्षांची कामगार उठली आणि यिडिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या बोलीत, थेट सार्वत्रिक संपाचा ठराव मांडला. वीस हजारांवर कामगार बाहेर पडले, बहुतेक मुलीच. फेब्रुवारी 1910 पर्यंत अनेक मालकांनी करार केले. ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीनं मात्र युनियनला मान्यता दिली नाही. (शर्टवेस्ट म्हणजे बायकांचा बटणांचा ब्लाऊज.)

25 मार्च 1911, शनिवार, सुटीची वेळ. याच ट्रँगलच्या कारखान्यात आठव्या मजल्यावर कापडाच्या चिंध्यांनी पेट घेतला. दहाव्या मजल्यावर फोन गेला. तिथले मालक गच्चीवरून निसटले. मधल्या नवव्या मजल्याला कुणी कळवलंच नाही. तिथलं एक दार कुलूपबंद होतं, कारण सुटताना मुलींच्या पिशव्या तपासायच्या असत. चोरी किती, तर कापडाचा एखादा तुकडा! बाहेरचा लोखंडी जिना माणसांच्या भारानं कोसळला, बंबाच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोचल्या. 146 जण गेले, त्यांत 123 बायका आणि मुली. एका इटालियन घरातली आई आणि दोन मुली एकदमच गेल्या.

डिसेंबरमध्ये दोन्ही मालक निर्दोष सुटले. 1914 च्या तडजोडीत दिवाणी दाव्यांतल्या कुटुंबांना माणशी 75 डॉलर मिळाले. सुरक्षिततेचे कायदे झाले, त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला जास्त आठवतो तो ईस्ट नदीवरचा धक्का. तिथं ओळीनं शवपेट्या मांडल्या होत्या आणि घरचे लोक रफू केलेल्या मोज्यावरून, बुटावरून, अंगठीवरून आपलं माणूस ओळखत होते. सहा जणांना कुणीच ओळखू शकलं नाही. त्यांची नावं लागली 2011 मध्ये.