कार्टून क्रीडागेम

फुटबॉल, टेनिस, गोल्फ, बेसबॉल, मोटारशर्यत असा प्रत्यक्षातला खेळ कार्टूनमधल्या किंवा त्या धाटणीच्या पात्रांकरवी खेळवणाऱ्या व्हिडिओ गेमला कार्टून क्रीडागेम म्हणता येईल. यात मैदान, चेंडू आणि गुणांची मोजणी हा मूळ खेळाचा सांगाडा कायम राहतो. शरीराच्या मर्यादा आणि पंचांचे अधिकार मात्र बहुधा सैल सोडलेले असतात. लहान मुलांना हे गेम चटकन आपलेसे वाटतात, तर खेळातल्या जाणकारांना ते अर्धेमुर्धे वाटतात.

या प्रकाराची घडण निन्टेन्डो या जपानी गेम-कंपनीच्या १९९२ मधल्या ‘सुपर मारिओ कार्ट’ या मोटारशर्यतीच्या गेममध्ये स्वच्छ दिसते. त्यातल्या आठ पात्रांपैकी बाऊझर हा धिप्पाड कासवराक्षस सावकाश वेग घेतो, पण एकदा सुटला की आवरत नाही. अळंबीच्या डोक्याचा चिमुकला टोड झटक्यात निघतो, पण धक्का लागला की बाजूला फेकला जातो. कोणते पात्र कसे धावेल हे मुलाला तक्ता न वाचता नुसत्या अंगकाठीवरून कळते, आणि कार्टूनचा खरा उपयोग माझ्या मते इथे आहे. शर्यतीत वाटेवर मिळणारी आयुधे मात्र सर्वांना सारखी मिळत नाहीत. पुढे असलेल्याच्या वाट्याला केळ्याच्या सालीसारखी किरकोळ वस्तू येते, तर मागे पडलेल्याला सगळ्यांना एकदम आक्रसून टाकणारी वीज मिळू शकते. १९९६ च्या ‘मारिओ कार्ट ६४’पासून थेट पहिल्या क्रमांकाचा माग काढणारे निळे काटेरी कवचही आले.

सोलापूरच्या गल्लीत वाढलेल्याला ही तजवीज समजावून सांगावी लागत नाही. तिथल्या क्रिकेटमध्ये एक टप्पा आऊट असतो, भिंतीपलीकडे मारणारा बाद होतो, आणि कुणाच्या तरी पाठोपाठ आलेला धाकटा भाऊ ‘कच्चा लिंबू’ म्हणून खेळतो. त्याची दांडी उडाली तरी तो आऊट नसतो. कार्टून क्रीडागेमने हाच कच्चा लिंबू नियमांत बसवला आहे. फरक इतकाच, की गल्लीत ही सवलत सगळ्यांच्या देखत, लाडाने दिली जाते आणि त्या पोराला ती ठाऊक असते. गेममध्ये ती यंत्र गुपचूप देते, त्यामुळे सात वर्षांच्या मुलाला आपण खरोखर जिंकलो असे वाटते आणि शेवटच्या वळणावर निळे कवच बसलेला थोरला भाऊ रिमोट टाकून उठतो. धाकट्याचा तो आनंद मला मोलाचा वाटतो, पण थोरल्याची तक्रारही खोटी नाही : तीन फेऱ्या चोख चालवलेल्या गाडीचे फळ त्याच्या हातून स्वतःच्या कुठल्याही चुकीशिवाय गेलेले असते.

सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे गेला की पार्क मैदान आणि होम मैदान दुपारभर मोकळे पडते व खेळ घरात शिरतो. कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचे गेमयंत्र, मोजक्या घरांत असला तरी मोबाइल बहुतेकांकडे आहे. शिवाय मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी मुले एकाच वाड्यात वाढणाऱ्या या शहरात, अक्षरांपेक्षा चेहऱ्यांवर चालणारा गेम कुणालाच परका राहत नाही.

मोठ्यांच्या दृष्टीने या प्रकाराचे दुबळेपण बहुतेकदा आशयात असते. ओळखीचा चेहरा मुखपृष्ठावर आला की गेम खपतो, आणि मग आतला खेळ घडवण्याची निकड उरत नाही. २०२२ मधल्या ‘मारिओ स्ट्रायकर्स : बॅटल लीग’ या फुटबॉलच्या गेममध्ये पंच नाही, मैदानाभोवती विजेचे कुंपण आहे आणि विशेष फटक्यावर झालेला गोल दोन मोजला जातो. त्यातले पासिंग कसदार आहे. तरीही सुरुवातीला अवघी दहा पात्रे आणि मोजकेच खेळप्रकार असल्याने तो अपुरा ठरला, आणि आणखी पात्रे नंतरच्या मोफत अद्यतनांतून आली. २०१८ च्या ‘मारिओ टेनिस एसेस’मध्ये तर समोरच्याचा विशेष फटका अडवताना वेळ चुकली की रॅकेटच मोडते, मात्र ज्यांना निव्वळ टेनिस हवे त्यांच्यासाठी हे विशेष फटके वगळलेला साधा नियमसंचही ठेवला आहे, आणि ही सोय सगळ्यांनी उचलण्याजोगी आहे.

आधीपासून ओळखीच्या चेहऱ्यांविना असा गेम साधल्याचे उदाहरण म्हणजे १९९७ चा ‘बॅकयार्ड बेसबॉल’. त्यात परसातली मुलेच संघ बनवतात, आणि पाब्लो सांचेझ हा बुटका, गोलमटोल मुलगा सर्वांत सरस खेळाडू निघतो.

क्रिकेटच्या वाट्याला असे गेम कमी आले. २०१७ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीनिमित्त गुगलने मुखपृष्ठावर ठेवलेल्या छोट्या गेममध्ये रातकिडे फलंदाजी करतात आणि गोगलगाई क्षेत्ररक्षण करतात. खेळायला एकच बटण आहे. बॅट कधी फिरवायची एवढेच ठरवायचे, आणि चेंडू निसटून दांडी उडाली की डाव तिथेच संपतो. इथे कुणी कच्चा लिंबू नाही.