वस्तरा आणि दोन यमुना

मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ‘यमुनापर्यटन’चे नाव घेतात. ती १८५७ची, आणि लेखक बाबा पदमनजी (जन्म १८३१) बेळगावचे. म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठीच्या विद्यार्थ्याने प्रतीकांचा अभ्यास इथून सुरू करावा. पहिल्या प्रयत्नात काय फसले, तेही इथेच कळते.

पुस्तकाचे पूर्ण नाव ‘यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’. विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षी, १८५६ला झालेला. इंग्रज लेखक जॉन बन्यनच्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ या रूपककथेचा हरि केशवजींनी केलेला ‘यात्रिकक्रमण’ हा अनुवाद १८४१पासून मराठीत होता; १८५४मध्ये ख्रिस्ती झालेल्या पदमनजींना प्रवासाचे रूपक आयतेच मिळाले असावे. बन्यनचा वाटसरू धर्माच्या कसोट्यांतून जातो. यमुना आणि तिचा नवरा विनायक गावोगावच्या विधवा पाहत जातात.

गडबड नेमकी इथे होते. भादरलेले डोके, आलवण (विधवेचे तांबडे लुगडे), घरातला कोपरा या खुणा माणसाच्या कमी आणि मुद्द्याच्या जास्त. विधवा भेटते, हकीकत सांगते, त्यावर चर्चा झडते, मंडळी पुढच्या गावाला. अर्थ लेखकानेच सांगून टाकल्यावर पात्राला करायला काही उरत नाही. विनायक गेल्यावर हे सगळे यमुनेच्याच दाराशी येते, तेवढ्यापुरती ती जिवंत वाटते.

ह. ना. आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’मध्ये (१८९०) केस तेच, वस्तरा तोच. पण सांगणारी स्वतः नायिका यमू, म्हणजे यमुना, आहे. तिचे माहेर, सासर, नवऱ्याकडून शिकलेले वाचन आपण आधी पाहिलेले असते. त्यामुळे केशवपनाला अर्थाची तळटीप लागत नाही. शिकलेली, स्वतःचे मत असलेली बाई घरच्यांच्या हाती किती असहाय आहे, हे त्या एका कृतीत उघडे पडते.

पेपरात ‘केशवपन म्हणजे विधवेचे दुःख’ एवढेच लिहिले तर मार्क जातात. वहीत तीन रकाने आखा: खूण प्रथम कुठे आली, ती कोण बघते, आणि तिच्यानंतर पात्र काय वेगळे करते. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर ते नुसते वर्णन समजा. आणि दोन्ही नायिकांचे नाव एकच, एवढ्यावरून आपट्यांनी पदमनजींना उत्तर दिले असे ठोकून देऊ नका. यमुना त्या काळी घरोघरी असे.